कुलुपांतील कोष्टक व मॅक्रोची ताकीद

आमच्या शाळेचा निकाल प्रतिवर्षीं १ मे या दिवशीं, ध्वजवंदन आटोपल्यावर, मुलांच्या हातीं दिला जातो. त्याच्या आधींचा आठवडा शिक्षकांस किती कष्टाचा जातो हें मुलांस ठाऊक नसतें, व पालकांस क्वचितच ठाऊक असतें. आकारिक मूल्यमापन, संकलित मूल्यमापन, तोंडी, प्रात्यक्षिक, उपस्थिती, श्रेणी अशा नाना गोष्टींचे आंकडे प्रत्येक मुलाच्या नांवापुढें मांडावयाचे, त्यांची बेरीज व शेकडेवारी काढावयाची, आणि शेवटीं प्रत्येकाचें स्वतंत्र प्रगतिपत्रक छापावयाचें. पूर्वीं हें सर्व आम्ही हातानें करीत असूं. आतां तें पुष्कळ शाळांतून एक्सेलवर होतें; आणि त्यासाठीं कोणा तंत्रस्नेही शिक्षकबंधूनें तयार करून व्हॉट्सअ‍ॅपच्या शिक्षकसमूहांत पाठविलेली एखादी फाईल वापरली जाते. अशा फायली एका जिल्ह्यांतून दुसऱ्या जिल्ह्यांत सारख्या फिरत असतात. त्या करणारांनीं रात्रीं जागून त्या केलेल्या असतात, आणि त्याबद्दल त्यांस कोणी एक पैसाही देत नाहीं.

गेल्या वर्षीं एप्रिलच्या अखेरीस अशीच एक फाईल एका मित्रानें पेन ड्राइव्हवर आणून दिली. उघडतांना तिनें पासवर्ड विचारला. तो सोबतच्या चिठ्ठींत होता, तो मीं घातला. कोष्टकें डोळ्यांपुढें आलीं. साठ मुलांचे गुण भरून झाले. मग ‘प्रगतिपत्रकें तयार करा’ असें लिहिलेलें निळें बटन मीं दाबलें. कांहीं झालें नाहीं. पुन्हां दाबलें, तेव्हां पडद्यावर इंग्रजींत एक चौकट उमटली. तिचा आशय असा, कीं या वहींतील मॅक्रो बंद ठेवण्यांत आले आहेत. बाहेर अवकाळी वादळ सुटलें होतें, गांवची वीज गेली होती, व इन्व्हर्टर शेवटच्या घटका मोजीत होता. मीं दुसऱ्या तालुक्यांतील एका स्नेह्यास फोन केला. ते म्हणाले, “सर, त्यांत काय आहे? ट्रस्ट सेंटरमध्यें जा आणि सगळे मॅक्रो चालू करून टाका.” मीं तसें केलें. तरीही बटन ढिम्म हललें नाहीं. अखेर आम्हीं तिघां शिक्षकांनीं मेणबत्तीच्या उजेडांत गणकयंत्र घेऊन साठ पत्रकें हातानें पुरीं केलीं. त्यांत एका मुलीच्या गणिताच्या गुणांत दहांची चूक राहिली. ती चूक १ मेच्या सकाळीं तिच्या वडिलांनीं, फार सौम्य शब्दांत, माझ्या नजरेस आणून दिली.

तें बटन कां चाललें नाहीं याचा शोध मीं पुढें सुट्टींत लावला, आणि त्या शोधांत माझी स्वतःची त्याहून मोठी एक चूक मला आढळली. दोन्ही गोष्टी येथें सांगतों. कारण आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळजण उद्यां कोणत्या ना कोणत्या कचेरींत एक्सेलपुढेंच बसणार आहेत, आणि पालकांपैकीं जे ग्रामसभेचा, बचत गटाचा किंवा दुकानाचा हिशेब ठेवितात ते आजच बसत आहेत.

प्रथम मॅक्रो म्हणजे काय तें पाहूं. कोष्टकाच्या घरांत आपण बेरजेचें सूत्र लिहितों, तें आपल्या घरापुरतें काम करितें. मॅक्रो हा त्याहून निराळा. तो म्हणजे फायलीच्या पोटांत लिहून ठेविलेला क्रमवार हुकूम: पहिल्या मुलाचें नांव उचल, तें पत्रकांत मांड, गुण मांड, छाप, मग दुसऱ्या मुलाकडे वळ. माणसानें दोन दिवस करावें तें काम हा हुकूम दोन मिनिटांत उरकतो. हे हुकूम व्हिज्युअल बेसिक नांवाच्या भाषेंत लिहिलेले असतात. ती भाषा १९९३ सालीं एक्सेलच्या पांचव्या आवृत्तीबरोबर एक्सेलमध्यें आली. परंतु त्या भाषेचें सामर्थ्य कोष्टकाच्या सीमेवर संपत नाहीं. तीच भाषा संगणकांतील इतर फायली पुसूं शकते, इंटरनेटवरून नवें कांहीं उतरवून घेऊं शकते, आणि आपल्या नांवानें दुसऱ्यांस पत्रेंही पाठवूं शकते. हुकूम पाळणारा संगणक तो कोणाचा आहे हें विचारीत नाहीं.

दुष्टांस ही गोष्ट फार लवकर समजली. १९९५ सालीं ‘कन्सेप्ट’ नांवाचा विषाणू वर्डच्या कागदपत्रांतून पसरला. १९९६ सालीं ‘लारू’ नांवाचा विषाणू एक्सेलच्या वह्यांतून पसरला. १९९९ च्या मार्च महिन्यांत ‘मेलिसा’ आला. तो वर्डच्या कागदांत बसून येई, आणि कागद उघडणाराच्या पत्त्यांच्या वहींतील पहिल्या पन्नास नांवांस स्वतःची प्रत पाठवून देई. पत्र ओळखीच्या माणसाकडून आलेलें दिसे, म्हणून लोक तें निःशंकपणें उघडीत. जगांतील मोठमोठ्या कचेऱ्यांचीं टपालयंत्रें त्या ओझ्यानें बंद पडलीं. आपल्या देशांतही असें घडलें आहे. २०२० च्या मार्चमध्यें कोरोनाविषयीं शासकीय सूचनापत्रकाचें सोंग घेतलेल्या मॅक्रोच्या फायली भारतांतील लोकांस पाठविण्यांत आल्या होत्या. त्या उघडून मॅक्रोस परवानगी दिली कीं संगणकावर हेरगिरी करणारी आज्ञावली बसे. त्या दिवसांत अशा पत्रकाकडे कोणाचा हात गेला नसता?

यावर उपाय म्हणून एक्सेलनें नाके बसविले आहेत. आमच्या भागांतील वाचकांस नाका म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. आलापल्लीच्या बाजूनें सागवान भरलेला ट्रक आष्टी-गोंडपिपरीच्या वाटेनें चंद्रपुराकडे निघाला, तर त्याला वनखात्याच्या तपासणी नाक्यावर थांबावें लागतें. चालकापाशीं वाहतुकीचा परवाना लागतो, लाकडावर हातोड्याचा ठसा लागतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या ४१ व्या कलमानें शासनास असे नियम करण्याचा अधिकार दिलेला आहे. लाकूड चोरीचेंच आहे असें नाक्यावरचा माणूस म्हणत नाहीं. तें कोठून आलें हें कळल्यावांचून पुढें सोडणार नाहीं, एवढेंच तो म्हणतो.

एक्सेलचेंही तसेंच. मॅक्रो असलेली फाईल उघडली कीं सामान्यतः वरच्या बाजूस पिवळी पट्टी येते, व तिच्यांत ‘एनेबल कंटेंट’ असें बटन असतें. फाईल कोणाची, कशासाठीं, हें आपणांस पक्कें ठाऊक असेल तर तें दाबावें. दाबलें कीं एक्सेल त्या फायलीस ओळखीची मानतें व पुन्हां विचारीत नाहीं. मात्र फाईल दुसऱ्या फोल्डरमध्यें हलविली किंवा तिचें नांव बदललें, तर ओळख तुटते आणि पट्टी परत येते. पुष्कळांस वाटतें कीं संगणक बिघडला. तो बिघडलेला नसतो.

पिवळीऐवजीं तांबडी पट्टी आली तर प्रकरण निराळें. तींत ‘सिक्युरिटी रिस्क’ असे शब्द असतात, आणि परवानगी देण्याचें बटनच नसतें. हा नाका २०२२ सालचा आहे. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत मायक्रोसॉफ्टनें तो जाहीर केला, जुलैंत लोकांच्या तक्रारीवरून थोडे दिवस मागें घेतला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हां लागू केला. त्याचें मर्म एका अदृश्य ठशांत आहे. इंटरनेटवरून किंवा ईमेलमधून फाईल उतरविली कीं विंडोज तिच्या पाठीवर ‘ही बाहेरून आली’ अशी एक टीप चिकटवितें. ती कोष्टकांत कोठें दिसत नाहीं, पण एक्सेलला वाचतां येते. आणि ती दिसतांच एक्सेल मॅक्रो बंद करितें. फाईल खरोखर विश्वासाची असेल तर ती बंद करावी, तिच्या नांवावर उजवें बटन दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावें, ‘जनरल’ या पानाच्या तळाशीं ‘अनब्लॉक’ असा एक चौकोन असतो त्यांत खूण करावी, आणि ‘ओके’ म्हणावें. पुन्हां उघडल्यावर तांबडीच्या जागीं पिवळी पट्टी येते. फाईल झिपमध्यें बांधून आलेली असेल तर ही खूण झिप सोडण्यापूर्वींच करावी. नाहीं तर आंतील प्रत्येक फायलीवर तोच ठसा उतरतो. पेन ड्राइव्हची गोष्ट गमतीची आहे. बहुतेक पेन ड्राइव्ह ज्या जुन्या पद्धतीनें आंखलेले असतात तींत ही टीप ठेवण्यास जागाच नाहीं. म्हणून पेन ड्राइव्हवरून फिरून आलेली फाईल ठसा गमावून बसते. ती निर्दोष झाली असें मात्र नव्हे. ती आडवाटेनें नाका चुकवून आली, इतकेंच.

जे पालक आपल्या उत्पन्नाचें विवरणपत्र स्वतः भरतात त्यांस हा अनुभव दर जुलैंत येत असेल. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर मिळणाऱ्या विवरणपत्रांच्या एक्सेल फायलींत मॅक्रो असतात, त्या झिपमध्यें येतात, आणि मॅक्रोवांचून त्यांतील पडताळणीचीं बटनें चालत नाहींत. त्या फायली विभागाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्याव्या. कोणी स्नेह्यानें ‘ही घ्या तयार’ म्हणून पाठविलेली प्रत घेऊं नये. स्नेही कितीही सज्जन असो, त्यालाही ती कोणीतरी पाठविलेलीच असते.

परवाना कोणाचा हा प्रश्न येथें येतो. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाले, आणि २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीच्या परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं आलें. तेव्हांपासून ग्रामसभेच्या सहीचा परवाना नाक्यावर चालूं लागला. बांबू तोच होता. परवाना देणारास मान्यता मिळाली. एक्सेलमध्यें या सहीस डिजिटल सिग्नेचर म्हणतात. मॅक्रो लिहिणारानें ती केली, व आपण त्या लिहिणारास आपल्या संगणकावर एकदां मान्यता दिली, कीं त्याच्या सहीची फाईल नाक्यावर अडत नाहीं. मध्यें कोणी हुकूम बदलला तर सही मोडते. आपल्या शिक्षकबंधूंच्या फायलींवर बहुधा अशी सही नसते, कारण ती घेण्यास खर्च येतो. माझ्या मतें शिक्षकांसाठीं शासनानेंच ही सोय केली पाहिजे. पण तो विषय निराळा.

आतां पासवर्डाकडे वळतों. माझा सगळा घोटाळा येथेंच झाला. पासवर्ड हा एकच शब्द आपण चार निरनिराळ्या कुलुपांस लावतों, आणि मग कोणतें कुलूप अडलें आहे हें कळेनासें होतें.

एक कुलूप पानाला असतें. त्यानें सूत्रांचीं घरें बंद राहतात, म्हणजे गुण भरतांना कोणाचें बोट चुकून सूत्रावर पडलें तरी तें पुसलें जात नाहीं. हें कुलूप म्हणजे शेताला लावलेलें बांबूचें फाटक. तें गुरांना अडवितें, चोराला नाहीं. माहीतगार माणूस तें थोड्या वेळांत काढतो. दुसरें कुलूप वहीच्या बांधणीला असतें. त्यानें पानें वाढवितां किंवा उडवितां येत नाहींत. तिसरें मॅक्रोच्या मजकुराला असतें, कीं हुकूम चालावा पण वाचतां येऊं नये. या तिन्ही कुलुपांमुळें पिवळी किंवा तांबडी पट्टी येत नाहीं. चौथें कुलूप मात्र साऱ्या फायलीला असतें: उघडण्याचा पासवर्ड. हें खरें कुलूप. त्यानें फायलींतील अक्षर न् अक्षर गूढलिपींत बदलून जातें, आणि २००७ सालच्या आवृत्तीपासून ही गूढलिपी इतकी भक्कम आहे कीं चांगला लांब पासवर्ड विसरला तर मायक्रोसॉफ्टही तो परत देऊं शकत नाहीं.

पानाच्या कुलुपामुळें एक फसवा बिघाड होतो, तो ओळखून ठेवावा. मॅक्रोला परवानगी दिली, तो धांवूं लागला, आणि मध्येंच ‘१००४’ अशा आंकड्याची चूक दाखवून थांबला, तर पुष्कळदां तो कुलूप लावलेल्या पानावर लिहावयास गेलेला असतो. ही सुरक्षेची ताकीद नव्हे. लिहिणाराची विसर आहे. त्यानें हुकुमांत आधीं कुलूप काढ, मग लिही, मग पुन्हां लाव, असें म्हणावयास हवें होतें. कांहीं लिहिणारे निराळी युक्ति करितात: कुलूप माणसांच्या हातांपुरतें ठेवा, मॅक्रोला मोकळीक द्या, अशी सवलत ते मागून घेतात. परंतु फाईल बंद होतांच एक्सेल ती सवलत विसरतें. म्हणून ती दर वेळीं उघडतांना नव्यानें मागावी लागते. सोमवारीं चाललेली फाईल मंगळवारीं अडते, त्याचें कारण कित्येकदां हेंच असतें.

माझ्या फायलीला चौथें कुलूप होतें. आतां नाक्यावरच्या माणसाची अडचण पाहा. फाईल उघडी असेल तर संगणकांतील अँटिव्हायरस तिच्यांतील हुकूम आधीं चाळून पाहूं शकतो. उघडण्याचा पासवर्ड घातलेली फाईल म्हणजे खिळे ठोकून बंद केलेली पेटी. तिच्या आंत सागवान आहे कीं आणखी कांहीं, हें बाहेरून दिसत नाहीं. दुष्टांनीं याचाही फायदा घेतला आहे. ‘इमोटेट’ नांवाच्या टोळीनें २०२० सालीं पासवर्ड घातलेल्या झिपा पाठविल्या, आणि पासवर्ड त्याच पत्रांत लिहून दिला. टपालावरील पहारेकऱ्यास पेटी उघडतां येईना, आणि घरमालक मात्र पत्रांतली किल्ली वापरून स्वतःच्या हातानें ती उघडी. त्याहून विलक्षण प्रकार म्हणजे, एक्सेलमध्यें फार पूर्वींपासून ‘व्हेल्वेटस्वेटशॉप’ हा एक ठराविक पासवर्ड दडलेला आहे. त्या पासवर्डानें बंद केलेली फाईल एक्सेल कोणाला कांहीं न विचारतां आपण होऊन उघडतें. म्हणजे बाहेरच्या पहारेकऱ्यास ती बंद, व घरांत येतांच उघडी. ही फट हेरून २०२० सालीं कित्येकांनीं तिचा दुरुपयोग केला.

म्हणून एक्सेलचा नियम असा आहे: गूढलिपींतील फायलींत मॅक्रो असतील, तर पासवर्ड घातल्यावर ते अँटिव्हायरसकडून तपासून घ्यावे, आणि संगणकांत जागा असा अँटिव्हायरसच नसेल, तर मॅक्रो चालूंच देऊं नयेत. ट्रस्ट सेंटरमध्यें सर्व मॅक्रोंस मोकळीक दिली तरी हा नियम त्या मोकळिकीच्या आधीन नाहीं. त्या रात्रीं माझें बटन कां हललें नाहीं, याचा उलगडा असा झाला. आमच्या संगणकावर विकत घेतलेल्या अँटिव्हायरसची मुदत संपली होती. आणि विंडोजचा स्वतःचा पहारेकरी, डिफेंडर, संगणक मंद चालतो या सबबीवर कोणीतरी पूर्वींच बंद करून ठेविला होता. एक्सेलला घरांत पहारेकरीच सांपडेना, म्हणून त्यानें पेटी अडवून धरली. दोष फायलीचा नव्हता, तिच्या लेखकाचा तर मुळींच नव्हता.

अशा वेळीं काय करावें? पहिलें, ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून पहारेकरी जागा आहे कीं नाहीं हें पाहावें, व निजला असेल तर जागा करावा. एक्सेल बंद करून पुन्हां उघडावें. बहुधा एवढ्यानें काम होतें. चौकटीच्या जागीं नेहमींची पिवळी पट्टी येते. दुसरा मार्ग असा, कीं उघडण्याचा पासवर्ड आपणांस ठाऊकच असतो. तर फाईल उघडून ‘फाईल’, मग ‘इन्फो’, मग ‘प्रोटेक्ट वर्कबुक’, त्यांत ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ येथें जावें, चौकटींतील ठिपके पुसून ती रिकामी करावी, व फाईल जतन करावी. गूढलिपी गेली, कीं तपासणी सोपी झाली. पानांचीं कुलुपें जशींच्या तशीं राहतात. मात्र ज्या फायलींत मुलांचे आधार क्रमांक किंवा शिक्षकांचे बँकखाते क्रमांक असतील, तिचें हें कुलूप काढून ती पेन ड्राइव्हवर फिरवूं नये. ही तपासणीच टाळण्यास एक्सेलला भाग पाडण्याची आणखी एक युक्ति आहे, तिला संगणकाच्या नोंदवहींत फेरफार करावा लागतो. ती मला ठाऊक आहे, आणि मी ती येथें लिहीत नाहीं.

आणखी दोन लहान गोष्टी, कारण त्यांवर वेळ फार जातो. मॅक्रोच्या फायलीचें आडनांव ‘एक्सएलएसएम’ असतें. कोणी ती ‘एक्सएलएसएक्स’ म्हणून जतन केली कीं मॅक्रो गळून पडतात, आणि मग कोणतीही परवानगी देऊन ते परत येत नाहींत. मूळ प्रतच पुन्हां मागावी लागते. आणि मोबाईलवरील एक्सेल मॅक्रो चालवीतच नाहीं. तेथें बटन कितीही दाबलें तरी व्यर्थ. आमच्या पुष्कळ पालकांच्या घरीं मोबाईल हाच एकमेव संगणक आहे. त्यांनीं स्वतःस अडाणी समजून कष्टी होऊं नये.

आतां माझी चूक. वादळाच्या त्या रात्रीं स्नेह्याच्या सांगण्यावरून मीं ट्रस्ट सेंटरमध्यें ‘एनेबल ऑल मॅक्रोज’ हा पर्याय निवडला होता. त्यानें माझें काम झालें नाहीं, म्हणून तो पर्याय मीं विसरून गेलों. तो तसाच राहिला. जून आला, शाळा भरली, पावसाळा गेला. त्या संगणकावर पगाराचीं बिलें होत होतीं, शिष्यवृत्तीचे अर्ज होत होते, आणि तालुक्याच्या बैठकींतून येणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह त्याला लागत होता. दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं नववींतील एक मुलगी संगणकाच्या तासाला माझ्यापाशीं आली व म्हणाली, “सर, पुस्तकांत लिहिलें आहे कीं मॅक्रोच्या फायलीवर पिवळी पट्टी येते. मग आपल्या या संगणकावर ती कधींच कां दिसत नाहीं?” मीं तिला सांगावयास तोंड उघडलें, आणि तसाच थांबलों. ही तीच मुलगी, जिच्या गणिताच्या गुणांत मीं दहांची चूक केली होती.

सहा महिने आमचा नाका उघडा होता. मीं तो पर्याय त्याच तासाला बदलला. त्या यादींत एकंदर चार पर्याय असतात, आणि ‘सूचना देऊन बंद ठेवा’ अशा अर्थाचा जो आहे तोच ठेवावा. त्यानें पिवळी पट्टी येते व निर्णय आपल्या हातीं राहतो. मग संपूर्ण संगणक तपासला, मुख्याध्यापकांस सर्व हकीकत सांगितली, पगाराच्या कामाचे पासवर्ड बदलून घेतले. तपासांत कांहीं सांपडलें नाहीं. परंतु त्या सहा महिन्यांत कोणत्या फायलींतील कोणता हुकूम न विचारतां चालून गेला असेल, हें मी आज कोणालाही छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. आणि त्या संगणकांत आमच्या शाळेच्या प्रत्येक मुलाचें नांव, जन्मतारीख व आधार क्रमांक आहे. ज्या पालकांनीं तें सर्व विश्वासानें आमच्या हातीं दिलें, त्यांस हें कळावें म्हणूनही हा लेख लिहिला आहे. कोणास अशा प्रकारें प्रत्यक्ष फसवणूक झाल्याचें आढळलें, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. जितका उशीर होतो तितके पैसे परत मिळण्याची शक्यता कमी होते.

यंदाच्या निकालापूर्वीं मीं त्या फायलीच्या लेखकांचा फोन मिळविला. ते पश्चिम महाराष्ट्रांतील एका खेड्यांत प्राथमिक शिक्षक आहेत. मीं त्यांस विचारलें, “गुरुजी, साऱ्या फायलीला पासवर्ड कां घातलात? त्यामुळें आमच्यासारख्यांचे मॅक्रो अडतात.” ते थोडा वेळ बोललेच नाहींत. मग त्यांनीं सांगितलें, कीं आधींच्या वर्षीं त्यांची फाईल कोणीतरी उघडून, त्यांचें नांव पुसून, आपलें घालून, पैसे घेऊन विकली; म्हणून रागानें तें कुलूप घातलें. चिठ्ठींत पासवर्ड लिहून दिला कीं तें कुलूप निरुपयोगी होतें, हें त्यांनाही पटलें. आठ दिवसांनीं त्यांनीं नवी प्रत पाठविली. तिला उघडण्याचा पासवर्ड नाहीं. पानांना व मॅक्रोच्या मजकुराला आहे. पिवळी पट्टी आली, ती नववींतल्या, म्हणजे आतां दहावींत गेलेल्या, त्या मुलीनें मोठ्यानें वाचली, व ‘सर, दाबूं कां?’ म्हणून विचारलें. पहिल्या पानावर गुरुजींचें नांव ठळक अक्षरांत आहे. प्रगतिपत्रकांच्या तळाशीं तें छापून येतें, आणि आम्ही तें तसेंच येऊं देतों.